न ऐकलेल्या प्रसारणाची पोचपावती

पुण्यात चिनी भाषा येणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ते लोक खरंच सगळं खातात का, आणि यात पैसे मिळतात का. पहिल्याला मी उत्तर देत नाही, दुसऱ्याला खोटं देते. माझं रोजचं काम म्हणजे चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या चिनी यंत्रांच्या पुस्तिका मराठीत करायच्या. ‘यंत्र चालू असताना हात आत घालू नये’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की माझ्या मागे माझं काही उरलंच, तर ते हेच असेल.

म्हणून त्या बड्या चिनी रेडिओ-टीव्ही कंपनीच्या वतीनं दिल्लीहून फोन आला तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. एका दिवसाचं दुभाष्याचं काम होतं. पुण्यात त्यांचा चाळीस वर्षांचा जुना श्रोता आहे, त्याच्यावर छोटी फिल्म करायची आहे, असं फोनवरचा माणूस म्हणाला आणि पत्ता सांगू लागला. शनिवार पेठेच्या पुढे इमारतीचं नाव आलं तसं मी त्याला थांबवलं. तो माझाच पत्ता होता. मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि त्यांचा श्रोता तळमजल्यावर दुकानात बसतो, एवढाच काय तो फरक.

तळमजल्यावर चाचांचं बाइंडिंगचं दुकान आहे. पुण्यातल्या निम्म्या पीएचड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, असं ते म्हणतात आणि मला ते खरं वाटतं. माझाही प्रबंध त्यांनीच बांधला. बांधायला घेतल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं आणि मी दोन पानं उलटी लावल्याचं दाखवलं. “तुझ्या गाइडला कळलं नसतं,” म्हणाले, “पण मला कळलं ना.” तेव्हापासून ते मला अगं-तुगं करतात आणि मी त्यांना चाचा म्हणते. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि उलटं पान अजून त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

दुकानात कटिंग मशीनच्या वर फळीवर त्यांचा रेडिओ आहे. रोज संध्याकाळी साडेसातला या चिनी कंपनीचं हिंदी प्रसारण शॉर्टवेव्हवर लागायचं आणि चाचा हातातलं काम ठेवून ऐकायचे. मीही कितीदा तिथं उभं राहून ऐकलंय. असा रटाळ कार्यक्रम मी दुसरा ऐकलेला नाही. कुठल्याशा प्रांतात टोमॅटो अमाप आले, अमुक नदीवर पूल झाला, तमुक गावातली म्हातारी नव्या घरात गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगणाऱ्या बाईचं हिंदी इतकं शुद्ध असायचं की तिला कधी भाजी आणायला जावं लागत नसणार याची खात्री पटावी. शेवटी श्रोत्यांची पत्रं वाचायचे. त्या पत्रांत कुणी कधी तक्रार केली नाही, कुणी काही विचारलं नाही. सगळे आपले भारावलेले.

एकदा मी चाचांना विचारलंही, की हे टोमॅटो तुम्ही चाळीस वर्षं कसे सहन करता. ते म्हणाले, “ते काय सांगतात त्याच्याशी मला काय करायचंय? कसं लागतंय, ते मी बघतो.”

हा छंद असलेल्या माणसांची एक वेगळी जात आहे. दूरचं स्टेशन लावायचं, ते कसं ऐकू आलं ते लिहायचं आणि त्या स्टेशनला टपालानं पाठवायचं. याला श्रवण अहवाल म्हणतात. तारीख, वेळ, कुठल्या मीटरवर लागलं ते आणि पुढे पाच आकडे. आवाज किती जोरदार, दुसऱ्या स्टेशनचा त्रास किती, खरखर किती, आवाज येतो-जातो किती आणि एकूण कसं. प्रत्येकाला पाचापैकी गुण, पाच म्हणजे काहीच त्रास नाही. स्टेशनवाले मग एक छापील कार्ड पाठवतात, की तुम्ही आमचं प्रसारण अमुक दिवशी ऐकल्याची आम्ही पुष्टी करतो. चाचांनी तसली शेकडो कार्डं कापडी पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरं घालून बांधून ठेवलीत. कार्डांवर गुलाबी फुलं आणि धुक्यातले डोंगर असतात. छपाई चांगली असते, एवढं मी मान्य करते.

चाचांनी चाळीस वर्षांत त्यांना पाचही आकडे पाच कधी दिले नाहीत. “खरखर असते थोडी. असताना नाही कसं लिहू?” असं त्यांचं म्हणणं. आणि ऐकू आलं नाही तर तेही ते लिहायचे. ‘सातत्याने प्रयत्न केला, काही ऐकू आले नाही.’ त्यांच्या मते हा अहवाल सगळ्यांत महत्त्वाचा, कारण न लागणं कळल्याशिवाय इंजिनिअर दुरुस्ती कशाची करणार. पलीकडे आपल्यासारखाच एखादा माणूस बसलाय आणि तो आपलं लिहिलेलं वाचतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मला हे हास्यास्पद वाटायचं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवायची, आणि ते मला, तू यंत्रात हात घालू नकोस म्हणून लिही, असं सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी ते स्टेशन लागायचं बंद झालं. नुसती खरखर. चाचांनी नेमानं अहवाल पाठवला, ‘काही ऐकू आले नाही.’ महिन्या-दीड महिन्यानं कार्ड आलं. वर हंस होते. खाली लिहिलं होतं, आपण आमचं प्रसारण अमुक दिवशी साडेसात वाजता ऐकल्याची आम्ही पुष्टी करतो, आभारी आहोत.

दुसरा कुणी असता तर हसला असता. चाचांनी ते कार्ड नीट वाचलं आणि त्यातून असा अर्थ काढला, की त्या दिवशी प्रसारण होतं. स्टेशनवाले स्वतः लेखी सांगतायत म्हणजे ते होतंच. आपल्यालाच ऐकू आलं नाही.

मग त्यांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत रेडिओ नेला. तिथल्या माणसानं तो उघडून, पुसून, ठीक आहे म्हणून परत दिला. गच्चीवर तांब्याची नवी तार ओढली. त्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली, ‘गच्चीवर खासगी तारा ओढू नयेत. वाळत घालायला पुरेशा आहेत.’ तार राहिली, पाटीही राहिली, स्टेशन मात्र लागलं नाही. दर पंधरवड्याला अहवाल जात होता आणि दर वेळी कार्ड येत होतं. शेवटी दोष द्यायला एकच गोष्ट उरली. चाचांनी कान तपासून घेतले. डॉक्टरांनी वयाप्रमाणे थोडं कमी आहे, काळजी करू नका म्हणून सांगितलं. चाचांनी त्यातलं ‘कमी आहे’ एवढं उचललं आणि कानात मशीन बसवून घेतलं.

आणि स्कूटर विकली. त्यांची मुलगी कात्रजला राहते. दर रविवारी ते एकटे स्कूटरवरून तिच्याकडे जायचे, नातवंडांना घेऊन प्राणिसंग्रहालयात साप बघायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. “ज्याला स्टेशन ऐकू येत नाही त्याला हॉर्न काय ऐकू येणार,” म्हणाले, “एखाद्याचं पोर चाकाखाली यायचं.” मुलाला तेवढंच हवं होतं. त्यानं आठवड्यात गिऱ्हाईक आणलं. तेव्हापासून चाचा पीएमपीच्या बसनं कात्रजला जायचे, तेही मुलाला किंवा सुनेला सवड असेल तर. आठवड्यातला तो एक दिवस त्यांचा स्वतःचा होता, तो गेला.

हे सगळं ते मला सांगत होते. मी मोबाईलवर मिनिटभर शोधलं असतं तर कळलं असतं. मी शोधलं नाही. त्या कंपनीकडे ढुंकून बघणंही मला कमीपणाचं वाटायचं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मला पटकथा आली. त्यात प्रश्न होते आणि उत्तरंही होती. चाचांनी काय सांगायचं, कुठं थांबायचं, कुठल्या वाक्याला खिडकीकडे बघायचं, सगळं मंजूर होऊन आलं होतं. मी ते हिंदीत करून खाली नेलं. चाचांनी चष्मा लावून वाचलं.

“‘या आवाजाने मला उमगले की दोन देशांची हृदये एकच आहेत.’ हे कोण म्हणतंय?”

“तुम्ही.”

“मी असं बोललो तर माझी मुलगी मला डॉक्टरकडे नेईल.”

तरी ते तयार झाले. त्यांची एकच अट होती. दोन वर्षं स्टेशन का लागत नाही, ते मी त्यांना चिनी भाषेत नीट विचारायचं. मीटर, वेळ, तारखा त्यांनी एका कागदावर लिहून दिल्या. ही दोन देशांची हृदयं वगैरे ते एकदा म्हणून टाकतील, पण मला उत्तर पाहिजे, म्हणाले. त्या कागदाच्या त्यांनी दोन प्रती केल्या होत्या, एक माझ्यासाठी आणि एक मी हरवली तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीचा कॅमेरामन आला, एकटाच, तीन पेट्या घेऊन. दिग्दर्शिका बीजिंगमध्ये होती. ती टॅबलेटवर दिसायची. कॅमेरामननं तो टॅबलेट चाचांच्या खळीच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि तिथून ती बाई आमचं दुकान हलवू लागली. तिशीची असेल. अतिशय नम्र. दर वाक्याला आभार मानायची आणि दर वाक्याला काहीतरी हलवायला लावायची. बांधायला आलेले प्रबंध दिसायला नकोत. कॅलेंडर काढा. ती कार्डांची पुस्तकं पसरून ठेवा, इतकी नीट नकोत, सहज पडल्यासारखी. चाचांच्या चाळीस वर्षांच्या बांधणीला सहज पडलेलं दिसण्यासाठी तासभर लागला.

मग तिला टोपी हवी झाली. वृद्ध मुस्लिम गृहस्थ आहेत, टोपी असेल तर प्रेक्षकांना जिव्हाळा वाटेल. मी ते सांगितलं.

“टोपी नमाजाला,” चाचा म्हणाले. “पुस्तक बांधायला लागत नाही.”

मी भाषांतर करताना, टोपी धुवायला गेली आहे, असं सांगितलं. तो माझा त्या दिवसातला पहिला बदल होता आणि मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. बाईनं आभार मानले.

चहाच्या वेळी चाचांनी मला खूण केली. मी कागद काढून टॅबलेटसमोर बसले आणि त्यांचा प्रश्न विचारला, मीटर आणि वेळेसकट. चाचा माझ्या शेजारी उभे राहून त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. तिला प्रश्नच कळेना. मग कळला आणि ती हसली. अहो, ते तर दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. आता आपण सगळं मोबाईलवर आणलंय, शॉर्टवेव्ह कोण ऐकतं? मी विचारलं, मग पुष्टीची कार्डं कशी येतात. ती म्हणाली, ते टपाल विभागाचं काम असेल, ते लोक सगळ्यांना पाठवतात, श्रोत्यांना आनंद होतो. मग आवाज खाली आणून, जणू चाचांना चिनी समजतं, तिनं मला बजावलं की शूटिंग होईपर्यंत हे आजोबांना सांगू नका. फिल्मचा विषयच मुळी आजही येणारा आवाज हा आहे. आवाज आपण देऊ.

“काय म्हणाली?” चाचांनी विचारलं.

“विभागाला विचारून सांगते म्हणाली.”

चाचांनी मान हलवली. चाळीस वर्षं टपालाची वाट बघितलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटलं असावं.

मला तेव्हा काय वाटत होतं, ते लपवत नाही. त्या बाईची किळस आली होती. तिच्या कंपनीची, त्या हंसांच्या कार्डांची, मंजूर होऊन आलेल्या हृदयांची. ती माणसं इतकी खालच्या दर्जाची आहेत की त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे आपणच त्यांच्या पायरीला जाणं, असं मी मनाशी म्हटलं. संध्याकाळी उरकेल, मग चाचांना सांगू, असंही म्हटलं. स्वतःला वरच्या पायरीवर ठेवून मी तो चहा संपवला.

साडेसातला मुख्य दृश्य होतं. चाचा शर्ट बदलायला आडोशाला गेले तेवढ्यात कॅमेरामननं रेडिओच्या मागे मुठीएवढा स्पीकर ठेवला आणि मोबाईल हातात घेऊन बसला. माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारला. मी पटकथेची पानं लावत बसले.

चाचा येऊन बसले. त्यांनी रेडिओ लावला. नेहमीची खरखर आली, आणि मग तिच्या पोटातून आवाज वर आला आणि खरखर पार बुडाली. तेच शुद्ध हिंदी, तीच श्रोत्यांना नमस्कार करणारी बाई. चाचांचा हात बटणाकडे गेला.

“हाथ मत लगाइए, चाचा,” कॅमेरामन ओरडला. “फ्रेम बिगड़ जाएगी।”

चाचांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. ते ऐकत राहिले. आज टोमॅटो नव्हते, चहाचे मळे होते. त्यांनी एका कानातलं मशीन काढलं, तसंच ऐकलं, मग दुसऱ्यातलं काढलं. दोन्ही मशिनं त्यांनी टेबलावर ठेवली आणि डोळे पुसले. पटकथेत ठरलेलं हिंदी वाक्य बाजूलाच राहिलं. ते माझ्याकडे वळून मराठीत बोलले.

“दोन वर्षं मला वाटलं, माझे कान गेले. ते कार्ड पाठवत होते, म्हणजे लागत होतं, मलाच ऐकू येत नव्हतं. स्कूटर विकली मी. आज मशीन काढून ऐकतोय. कान आहेत माझे. सांग त्यांना, कान आहेत माझे.”

टॅबलेटवरच्या बाईनं जांभई आवरली. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. फार सुंदर झालं, म्हणाली, आजोबा काय म्हणाले?

मी सांगू शकले असते. माझं चिनी चांगलं आहे. पण सांगितलं की ती प्रश्न विचारणार, मग पुन्हा टेक, पुन्हा स्पीकर, पुन्हा ते रडणं. मला कंटाळा आला होता. दिवसभर मी त्यांना सगळ्यांना तुच्छ मानत बसले होते आणि त्यानं थकले होते. मी म्हटलं, “ते म्हणतात, इतकी वर्षं हा आवाज ऐकतोय, आजही ऐकला की डोळे भरून येतात.”

वाक्य चांगलं जमलं. तिनं तीनदा आभार मानले.

कॅमेरामन पेट्या आवरत होता तोवर चाचांनी अहवालाचा कागद काढला होता. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली आणि पाच आकडे लिहिले. पाचही पाच. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा,” म्हणाले. “आवाज जरासुद्धा हलला नाही. नवी तार कामाला आली.” मग मुलाला फोन लावून, एखादी जुनी स्कूटर बघून ठेव, असं त्यांनी सांगितलं. मी जिना चढून घरी गेले. आज आनंदात आहेत, उद्या सांगू, असं ठरवलं. नीट जेवलेही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठच्या सुमारास माझी बेल वाजली. लिफ्ट बंद होती, चाचा जिन्यानं वर आले होते. त्यांच्या तळहातावर दोन्ही मशिनं होती.

“गेले परत,” ते म्हणाले. “काल होते. आज मशीन घालून बघितलं, काढून बघितलं. काही नाही. एका दिवसापुरते आले आणि गेले. असं असतं का गं? कुणाला दाखवू?”

त्या प्रश्नात तक्रार नव्हती. चांगला डॉक्टर माहीत आहे का, एवढंच ते विचारत होते. मला तेव्हा स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. स्टेशन दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. कार्डं न वाचता पाठवतात. कालचा आवाज मोबाईलमधला होता, स्पीकर रेडिओच्या मागे होता. कान ठीक आहेत.

त्यांनी तळहातावरची मशिनं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, “हात लावू नका म्हणाले, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. स्टेशन लावताना हात लावू नका कोण म्हणतं?”

मी पाणी दिलं. ते प्यायले.

“म्हणजे दोन वर्षं मी उगाच पीएमपीनं गेलो.”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“काल. चहाच्या वेळी.”

त्यांनी पेला खाली ठेवला, मशिनं खिशात घातली आणि ते उठले. दारात म्हणाले, “उलटं पान दिसलं तर आधी सांगावं. बांधून झाल्यावर त्याचा काय उपयोग.” आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी वाईट वाटून घेतलं नाही असं म्हणणार नाही. पण मनात एक आडोसा शिल्लक ठेवला होता. खोटं कंपनीनं केलं, मी फक्त एक दिवस उशीर केला, असं मी स्वतःला सांगत होते. ते भाषांतर त्यांना माहीत नव्हतं आणि मीही ते विसरायच्या बेतात होते.

मग फिल्म आली. चाचांच्या नातवानं त्यांना मोबाईलवर लिंक लावून दिली. चाचांनी मला खाली बोलावलं. दुकानात दोघेच होतो. फिल्ममध्ये सगळं सोनेरी दिसत होतं, शनिवार पेठेतला धूळ खाल्लेला फॅनसुद्धा. चाचा रेडिओसमोर बसलेत, मशिनं काढून ठेवतायत, डोळे पुसतायत, माझ्याकडे वळून बोलतायत. त्यांचा मराठी आवाज अगदी बारीक करून टाकला होता. वर एका पुरुषाचा भारदस्त चिनी आवाज आणि खाली चिनी अक्षरं.

चाचांनी चित्र थांबवलं.

“इथं मी कानांचं बोललो होतो. खाली काय लिहिलंय? वाच.”

मी वाचलं. “इतकी वर्षं हा आवाज ऐकतोय, आजही ऐकला की डोळे भरून येतात.”

“असं मी म्हटलं नव्हतं.”

“नाही.”

“मग हे कोण म्हणतंय?”

कंपनीचं नाव घ्यायला जागा होती. क्षणभर मला ते सुचलंही. “मी,” मी म्हटलं.

चाचांनी मोबाईल बंद करून खिशात ठेवला. फळीवरून अहवालाचं पॅड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “आता मी सांगतो ते त्यांच्या भाषेत लिही. जसं सांगतो तसं.” मी लिहिलं. तुमचं स्टेशन बंद होतं. मी काही ऐकलं नाही, असं तुम्हाला दर पंधरवड्याला कळवत होतो. तुम्ही, मी ऐकलं, असं लेखी दिलंत. त्यामुळे मला वाटलं, मी बहिरा झालो. मी स्कूटर विकली. उत्तर द्यावे. त्यांनी पाच आकड्यांच्या जागी पाच शून्यं घातली, खाली सही केली आणि पाकीट स्वतः टपालात टाकलं.

त्यांनी दुसरी स्कूटर घेतली होती. मुलानं कुरकुर केली, पण आता त्यांनी कानाचं प्रमाणपत्र आणून मुलाच्या हातात ठेवलं होतं. रविवारी सकाळी ते कात्रजला निघायचे. मी खिडकीतून बघायची, ते वर बघायचे नाहीत.

दीड महिन्यानं एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. आत आले नाहीत. हातात कार्ड होतं, वर बांबूचं वन. खाली छापलं होतं की आपला श्रवण अहवाल मिळाला, आपण आमचं प्रसारण ऐकल्याची आम्ही पुष्टी करतो, आभारी आहोत. आमच्या पत्राची तारीख कुणीतरी पेनानं, सुवाच्य अक्षरात भरली होती.

मी हसले. मला वाटलं, आता आम्ही दोघं मिळून त्यांना हसू आणि सगळं पूर्वीसारखं होईल. काय लायकीची माणसं आहेत, असं काहीतरी मी म्हणालेही.

चाचा हसले नाहीत. “हे बांधायचं नाही मला,” ते म्हणाले. “तू ठेव.”

“मी काय करू याचं?”

“तुझं आणि त्यांचं ऑफिस एकच,” ते म्हणाले, आणि कार्ड माझ्या हातात देऊन खाली गेले.